बाबांच्या उजव्या डोळ्यातले पांढरे डाग

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर बाबांच्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हा डोळा बाबांचाच आहे कशावरून? नारिंगी गोल, त्यात लाल रेषांचं जाळं, आणि कडेकडेने पांढरट पिवळे डाग, भिंतीला ओल धरावी तसे. वरच्या कोपऱ्यात बाबांचं नाव होतं. नाव काय, कुठल्याही फोटोवर टाकता येतं.

असा विचार करायला मला घरीच शिकवलेलं आहे. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी ‘असंच असतं’ म्हणालं की त्याला दोन प्रश्न विचारले जातात. असं कोण म्हणतं? आणि त्याला त्यातून काय मिळतं? बाबा लकडगंजात एका लाकडाच्या टालावर मुनीम. दिवसभर सागाचे ओंडके आणि फळ्या मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन पत्रकं लिहायची. अंगात येणाऱ्या बायांवर, हुंड्यावर, मंतरलेलं पाणी विकणाऱ्यांवर, खाजगी दवाखान्यांच्या लुटीवर. नागपूरच्या कडेला बेसा इथल्या आमच्या घरात पलंगाखाली पेटी नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांवरच ओळखायला शिकले, आणि पुढे त्यांची प्रुफं तपासायला लागले. त्यामुळे एसी लावलेल्या खोलीत एक गोरागोमटा डॉक्टर हळू आवाजात ‘आजच भरती व्हा’ म्हणाला, तेव्हा माझे कान टवकारले गेले ते घाबरून नव्हे. हे वाक्य मी स्वतः पत्रकात छापलेलं होतं, सावध राहण्याच्या वाक्यांत.

डोळा लाल झाला होता तो पावसाळ्याच्या मध्यावर. टालावर आरा मशीन दिवसभर चालते, हवेत भुसा असतोच. बाबा म्हणाले, भुसा गेला. आई म्हणाली, भुसा गेला. बेसाच्या चौकातल्या डॉक्टरांना बाबांनी आत शिरतानाच सांगितलं, भुसा गेला, आणि त्यांनी टॉर्च मारून तेच ऐकवलं. थेंब दिले. थेंबांनी लाली उतरली, ठणका कमी झाला, आम्ही विसरलो. मग एका सकाळी चहा पिताना बाबा हवेत हात मारायला लागले.

“काय करून राहिले?” आईनं विचारलं.

“माश्या.”

“माश्या कुठं आहेत?”

बाबांनी डावा डोळा झाकला, उजवा झाकला, पुन्हा डावा झाकला. “याच डोळ्यात आहेत,” ते म्हणाले. “भुसा उडून राहिला आतमधी.”

चौकातल्या डॉक्टरांनी या वेळी थेंब बदलले नाहीत. रामदासपेठेतला पत्ता दिला. तेवढ्यानेच माझा संशय सुरू झाला होता. पत्ता देणाऱ्याला त्यातून काय मिळतं?

तर त्या खोलीत डॉक्टर सांगत होते. हे विषाणूचं इन्फेक्शन आहे, डोळ्याच्या पडद्याचं. पडदा कडेकडून मरतोय आणि रोज आत सरकतोय. सलाईनमधून औषध द्यावं लागेल, दिवसातून अनेकदा. डोळ्यात एक इंजेक्शन द्यावं लागेल. आणि त्याआधी डोळ्यातलं थेंबभर पाणी सुईनं काढून तपासायला पाठवायचं, कुठला विषाणू आहे ते कळायला.

“पण त्यांनी आत्ताच तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली,” मी म्हणाले. “तुमच्याच माणसासमोर. पडदा मरतोय तर वाचता कसं येतं?”

“तक्ता फक्त मधल्या भागाची परीक्षा घेतो, ताई. मधला भाग अजून शाबूत आहे. म्हणून तर घाई आहे.”

उत्तर तयार होतं. मला तयार उत्तरं आवडत नाहीत.

“पाण्याचा रिपोर्ट कधी येईल?”

“काही दिवस लागतात. बाहेर पाठवावं लागतं.”

“अन् औषध?”

“आज सुरू करायचं. रिपोर्टची वाट पाहायची नाही.”

“म्हणजे आधी औषध, मग तपासणी? तर मग तपासणी कशासाठी?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, चिडले नाहीत. ते न चिडणंही मला शिकवून घेतल्यासारखं वाटलं. मग ते रक्ताच्या तपासण्या सांगायला लागले. किडनी, साखर, टीबी, सिफिलिस, एचआयव्ही. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केलेले डोळे बाबांनी उघडले.

“एचआयव्ही काहून?”

“काका, ही नेहमीची...”

“काहून म्हणतो मी. माह्यं चालचलन तपासून राहिले का तुम्ही?”

“चालचलन नाही, काका. अंगातली ताकद तपासायची आहे. ती कमी असली की हा आजार जास्त पसरतो, औषध वेगळं द्यावं लागतं.” आणि त्याच सुरात पुढे, “लहानपणी कांजण्या झाल्या होत्या?”

“कोणाले नाही झाल्या?”

“आणि एवढ्यात नागीण? अंगाच्या एका बाजूला फोडांचा पट्टा, खूप आग होते?”

“नाही,” बाबा म्हणाले.

इतक्या लगेच म्हणाले, की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. “आठवून सांगा.”

मग मी मध्ये पडले. “आमच्या घरात नागीण झाली तर लपणार नाही, डॉक्टर. बाबांनी नागिणीवर पत्रक लिहिलेलं आहे. लोक गेरू लावतात, मंत्र टाकून घेतात, त्याच्या विरोधात.”

डॉक्टर बाबांकडे पाहत राहिले. बाबा भिंतीकडे पाहत होते, तिथं काहीच नव्हतं.

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “संशय घ्या माझ्यावर, हरकत नाही. पण सलाईन लावून घ्या आणि मग घ्या. दुसरा डोळाही यात जाऊ शकतो. उपचार न करता सोडला तर बऱ्याच जणांचा जातो.”

“उद्या सांगतो,” असं म्हणून आम्ही उठलो.

माझ्या गाडीवर मागे बसलेल्या बाबांना ऊन सहन होत नव्हतं. त्यांनी माझा दुपट्टा तोंडाला गुंडाळून घेतला होता. मी रामदासपेठेतले एकेक फलक वाचत गाडी चालवत होते, दात, हाडं, हृदय, डोळे, आणि मनातल्या मनात पत्रकाचा मथळा जुळवत होते. उद्या सरकारी दवाखान्यात दाखवू. परवा एखाद्या ओळखीच्या माणसाला फोटो पाठवू. तोवर काय होणार आहे, वाचता तर येतंय!

घरी आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी चप्पल काढता काढता सगळं सांगितलं, थोडं नक्कल करून. त्यांचा तो हळू आवाज, ती सुई, तो एचआयव्ही. “अन् शेवटी काही सापडलं नाही तर विचारते, नागीण झाली होती का म्हणे!”

आईचा हात थांबला.

“नागीण पुसली त्यानं?”

“हाव. काही तरी पुसायचं म्हणून.”

“मंग यायनं काय सांगतलं?”

“नाही म्हणाले.”

आई उठली नाही. बाबा खुर्चीत दुपट्टा गुंडाळूनच बसले होते, तिकडे तोंड करून ती म्हणाली, “दाखवा तिले.”

“काय दाखवू?”

“मी दाखवू का?”

“चूप बस वं.”

“इतके दिवस बसलीच ना चूप. आता नाही बसत. डोळा जाऊन राहिला अन् हे इज्जत सांभाळून राहिले.”

मला वाटलं, आता भांडण होईल. बाबा उभे राहिले, माझ्याकडे पाठ केली आणि बनियान वर केली. उजव्या बाजूला, पाठीच्या कण्यापासून बरगडीखालून पोटाकडे, तळहाताएवढ्या रुंदीचा पट्टा होता. वाळलेले डाग, काही काळे, काही पांढरे पडलेले, आणि मध्ये मध्ये खोलगट. मी नागिणीची चित्रं पत्रकात छापली आहेत. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग सगळा उन्हाळा डोळ्यांसमोर आला. नागपूरचा उन्हाळा, कूलर लावूनही अंग चिकचिकतं, आणि बाबा घरात बनियान काढत नव्हते. कुशीवर झोपायचे, नेहमी एकाच. विचारलं तर म्हणायचे, टालावर फळी लागली, मुका मार आहे. मी सगळ्या जगाला दोन प्रश्न विचारते. त्या फळीला एकही विचारला नव्हता.

“दवाखान्यात गेले होते?” मी विचारलं.

आई म्हणाली, “टालासमोरचा तो पानठेलेवाला नागीण बांधते.”

“म्हणजे?”

“गेरूनं रेघ मारते दोन्हीकडून. तोंड अन् शेपूट एका जागी येऊ नये म्हणून. अन् डाग वाळतपर्यंत कोणापाशी बोलायचं नाही, गोळी घ्यायची नाही. अशी त्याची अट असते.”

“बाबा, तुम्ही गेरू लावला?”

“हमालायनं धरून नेलं.”

“अन् तुम्ही गेले?”

“आग होऊन राहिली होती वं,” बाबा म्हणाले. बनियान खाली केली होती तरी ते अजून भिंतीकडेच तोंड करून उभे होते. “रात्रंदिवस. कपडा लागला तरी जीव जाये. तेव्हा पत्रक आठवत नाही माणसाले.”

“ते जाऊ द्या. आज डॉक्टरनं सरळ विचारलं. आज काहून नाही सांगतलं?”

“तू बसली होती ना बाजूले.”

मी खाली बसले. अंबाडीच्या देठांवरच बसले, आईनं ते ओढून घेतले. बाबा डॉक्टरला भ्यायले नव्हते, पानठेलेवाल्याला तर नाहीच. ज्या मुलीला त्यांनी पत्रकांवर वाढवलं, तिच्यासमोर त्यांना ‘हो’ म्हणता आलं नव्हतं. आणि त्यांच्याच पत्रकातली ओळ मला तोंडपाठ होती, कारण प्रूफ मी तपासलं होतं: नागीण हा कुणाचा कोप नाही, लहानपणी झालेल्या कांजण्यांचाच विषाणू शरीरातल्या नसांमध्ये दडून बसतो आणि पुन्हा उठतो. तो डोळ्यातही उठू शकतो, हे त्या पत्रकात नव्हतं. डॉक्टर तेच विचारत होते. लुटायला बसलेल्या माणसाला नागिणीचं उत्तर ‘हो’ आलं काय नि ‘नाही’ आलं काय, काय फरक पडला असता? तो दुसऱ्यांदा कशाला विचारत बसला असता?

माझा विश्वास बसला, असं मी म्हणणार नाही. पण एवढं समजलं की दुपारी त्या खोलीत खोटं बोलणारा माणूस आमच्या बाजूच्या खुर्चीत बसला होता. आणि डाग रोज आत सरकत असतील, तर ‘उद्या’ नि ‘परवा’ म्हणणारी मी होते.

“चला,” मी म्हणाले.

“भाजी टाकतो, जेवून...” आई म्हणाली.

“डबा आण मागून.”

दिवेलागणीला आम्ही पुन्हा तिथं होतो. बाबांनी डॉक्टरांना शर्ट वर करून पट्टा दाखवला आणि गेरूसकट सगळं सांगितलं. या वेळी मी बाहेर थांबते म्हणाले होते. बाबाच म्हणाले, बस इथंच. डॉक्टरांनी डाग पाहिले, बोटानं दाबून पाहिले. “काका, दुपारी हे सांगितलं असतं तरी मी हेच औषध दिलं असतं,” ते म्हणाले. “फक्त तुम्ही दुपारीच घेतलं असतं.”

डोळ्यातलं पाणी काढलं आणि त्याच बैठकीत इंजेक्शन दिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, दुखलं का. बाबा म्हणाले, “दुखलं नाही. पण डोळा मिटता येत नाही अन् सुई येताना दिसते. असं कोणाच्याच वाट्याले येऊ नये.” मग रात्रीपासून सलाईन सुरू झालं.

मी प्रत्येक कुपीचं नाव वाचायची, तारीख वाचायची, फोनवर शोधायची. सिस्टर म्हणाल्या, “ताई, तुम्ही इन्स्पेक्टर आहात का?” मी हो म्हणाले. औषध किडनीवर ताण देतं म्हणून पाणी भरपूर प्यायचं होतं आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं होतं. त्यातली प्रत्येक तपासणी कशासाठी, हेही मी विचारायची. मग पुढे कधीतरी डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिल्या आणि मी त्यांना दारात अडवलं. बेसाच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब स्टेरॉइडचे होते, हे मला आतापर्यंत कळलं होतं. त्यांनी लाली झाकली होती आणि आतला आजार वाढू दिला होता.

“तेव्हा चूक होतं, आता बरोबर कसं?”

“तेव्हा विषाणूला अडवणारं काही अंगात नव्हतं. आता आहे,” ते म्हणाले. “आधी विषाणू बांधायचा, मग सूज उतरवायची. उलटं केलं की घात होतो.”

‘बांधायचा’ हा शब्द ऐकून बाबा खाटेवर हसले. डॉक्टरांना कारण कळलं नाही.

एका दुपारी बाबा छताकडे पाहत म्हणाले, “वाळवीसारखं आहे हे.”

“काय?”

“फळीले वाळवी लागते ना, ती कडेनं लागते. मधून ठोकून पाहिलं तर आवाज टणक येते. गिऱ्हाईक म्हणते माल पक्का आहे. तक्ता वाचून घेतला माह्याकडून, तेव्हा तू गिऱ्हाइकासारखी बोलत होती.”

“अन् तुम्ही?”

“मी माल विकून राहिलो होतो.”

रक्ताचे रिपोर्ट आले. एचआयव्ही नव्हता. डोळ्यातल्या पाण्याचा रिपोर्ट त्यानंतर आला, कांजण्यांचाच विषाणू. तोवर डागांची कड थांबली होती. फोटोत ते दिसत होतं, आणि या वेळी फोटो काढताना मी बाबांच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं.

मी बेसाच्या डॉक्टरांकडे भांडायला गेले. तिथं रांगेत ताप आलेली मुलं होती. ते म्हणाले, “भुसा गेला म्हणाले, मी भुसा पाहिला. इथं बाहुली मोठी करून आत पाहायचं मशीन आहे का माझ्याकडे? दुसऱ्यांदा आले तेव्हा पाठवलं ना मी?” मी म्हणाले, मशीन नसेल तर स्टेरॉइडचे थेंबही ठेवू नका. त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. त्यांनी पाठवलं म्हणूनच आम्ही रामदासपेठेत पोचलो होतो, हे मला रस्त्यावर आल्यावर आठवलं, पण मी परत आत गेले नाही. रामदासपेठेतून त्यांना काही मिळालं का, ते मला आजही माहीत नाही.

घरी आल्यावर बाबांनी मला नवं पत्रक लिहून घ्यायला बसवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, उजव्या डोळ्यात धुकं होतं. लाल डोळा, माश्या दिसणं, धूसर दिसणं, नागीण, लवकर दवाखाना, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “आता लिही, लेखकानं स्वतः गेरू लावला होता.”

“हे काहून? लोक हासतील. विरोधक तर धरूनच बसतील.”

“हासू दे. लिही.”

लिहिलं. प्रूफ तपासताना ती ओळ दोनदा खोडावीशी वाटली.

पडदा सुटू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मेलेला भाग जाळीसारखा विरतो, भोकं पडतात. थंडी सुरू होताना बाबांना उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने काळी सावली वर चढताना दिसली. या वेळी कुणी भुसा म्हणालं नाही. त्याच दिवशी गेलो, ऑपरेशन झालं, पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात तेल भरलं. ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्या भेटीलाच दुपारी भरती झालो असतो तर पडदा वाचला असता का? बेसाचे थेंब नसते तर? उन्हाळ्यातच नागिणीची गोळी घेतली असती तर?

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “कदाचित. नक्की सांगता येत नाही.”

त्यांच्या सगळ्या उत्तरांत मला हे एक पटलं. तयार नव्हतं.

आता उजव्या डोळ्याला बाबांना खिडकीचा उजेड आणि समोर हललेला हात कळतो. टालावरचा हिशेब ते डाव्या डोळ्यानं करतात. पत्रकं, वर्तमानपत्र, आईनं वाढलेल्या ताटातलं मीठ, सगळं डाव्या डोळ्यावर आहे. म्हणून आमच्या घरात आता सगळा संशय त्या एका डोळ्यावर येऊन बसला आहे. बाबांनी डोळा चोळला की आई भाजी टाकून उठते. ऊन लागून लाल झाला तरी मी गाडीची किल्ली घेते.

परवाच्या तपासणीला आम्ही तिघेही गेलो होतो. डॉक्टरांनी डोक्याला तो दिवा लावला, हातात भिंग धरलं, खोलीतला दिवा घालवला. “वर पाहा, काका. खाली. कानाकडे. नाकाकडे.” भिंग किंचित हललं, पुन्हा थांबलं. आईनं माझं मनगट धरलं. मी डॉक्टरांच्या श्वासावरून काही कळतं का ते ऐकत होते.

“डावा साफ आहे,” ते म्हणाले, आणि दिवा काढायला हात वर नेला.

“कडेपर्यंत पाहिला?” बाबांनी विचारलं.

“पाहिला.”

“चारी बाजूनं?”

“हो, काका.”

“डॉक्टर साहेब,” बाबा म्हणाले, “राग नका मानू. पण आणखी एक डाव पाहा.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दिवा पुन्हा कपाळावर नीट बसवला, बाबांची पापणी बोटानं वर उचलली आणि अगदी सुरुवातीपासून पाहायला लागले.